हिशेबी माणसाची कैफियत

पुण्याच्या आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी आम्हां मद्रासवासी मराठी मंडळींवर ठेवलेला आरोप असा की, जो मराठी मनुष्य आपला मुलूख सोडून एग्मोर, पुरशवाक्कम, मैलापूर अशा ठिकाणी बिऱ्हाड थाटतो, तो दहा-वीस वर्षांत रसिक उरत नाही, केवळ हिशेबनीस होतो. त्याच्या घरी पुस्तकांच्या कपाटापेक्षा जमाखर्चाच्या वहीला अधिक मान असतो, पाहुण्याने पंखा चालू ठेवला तर यजमानाची नजर पाहुण्याकडे न जाता मीटरकडे जाते, आणि ज्या प्रांतात सरफोजीराजांनी सरस्वतीमहालाचा ग्रंथसंग्रह नावारूपास आणला त्याच प्रांतात त्यांचे भाषाबांधव आज वीज, पाणी आणि भाडे यांपलीकडचा विषय काढीत नाहीत. तंजावरची यात्रा आटोपून परतताना ते आमच्याकडे उतरले होते, त्यामुळे सरफोजींचा दाखला त्यांच्या जिभेवर ताजा होता. अतिथीचा प्रतिवाद त्याच्या मुक्कामात करू नये असा आमच्या घरचा शिरस्ता असल्याने मी त्या वेळी गप्प राहिलो. आता ते सुखरूप स्वगृही पोचले आहेत, तेव्हा ही कैफियत दाखल करण्यास हरकत नसावी.

आरोपातील वस्तुस्थिती मला नाकबूल नाही. वही आहे, तिला मान आहे, मीटरकडे नजर जाते. वाद आहे तो या वस्तुस्थितीवरून काढलेल्या अनुमानाविषयी, म्हणजे ज्याला खर्चाचा आकडा ठाऊक असतो त्याच्या अंतःकरणातील सुसंस्कृतता तेवढ्या प्रमाणात आटलेली असते, या समजुतीविषयी. ही समजूत आपल्या मध्यमवर्गात फार जुनी आहे, आणि ती बहुधा अशा गृहस्थांच्या ठिकाणी आढळते की ज्यांच्या घरचा हिशेब दुसरे कोणी तरी निमूटपणे ठेवीत असते.

पंख्याचा मुद्दा प्रथम घेतो, कारण तो आमच्या स्नेह्यांना सर्वांत क्षुद्र वाटला. तामिळनाडूत घरगुती विजेची आकारणी दर दोन महिन्यांनी होते, आणि २०१६ पासून तीतील पहिली १०० युनिटे सर्वांस माफ आहेत. येथवर सरकारचे औदार्य. परंतु २०२२ च्या सप्टेंबरापूर्वी काही वर्षे जी दरपत्रिका अमलात होती, तिच्या पोटात एक चमत्कार होता. दोन महिन्यांत बरोबर ५०० युनिटे जाळणाऱ्या कुटुंबास पहिली १०० फुकट, पुढची १०० दोन रुपये दराने, त्यापुढची ३०० तीन रुपये दराने, आणि स्थिर आकार ३० रुपये, असे मिळून १,१३० रुपये भरावे लागत. त्याच कुटुंबाने ५०१ वे युनिट जाळले की त्याचा वर्गच पालटे. मागे जळून गेलेल्या युनिटांनाही वरच्या वर्गाचे दर, म्हणजे साडेतीन रुपये आणि ४ रुपये ६० पैसे, लागू होत, स्थिर आकार ५० रुपये होई, आणि बिल १,७८६ रुपये ६० पैशांवर जाऊन थांबे. अर्थात त्या एकट्या युनिटाची किंमत ६५६ रुपये ६० पैसे. जुन्या बनावटीचा छताचा पंखा सुमारे तेरा तासांत एक युनिट जाळतो. तेव्हा सायंकाळी फिरावयास गेलेल्या आणि रात्री नातलगांकडे मुक्काम करून सकाळी परतणाऱ्या पाहुण्याने खोलीतला पंखा चालू ठेवला, आणि मीटर त्या दिवशी ५०० च्या उंबरठ्यावर असला, तर तो पंखा कोणालाही वारा न घालता साडेसहाशे रुपये खाऊन बसत असे. अशा वेळी यजमानाची नजर मीटरकडे गेली, तर त्यास कृपण म्हणावे की अंकगणित शिकलेला मनुष्य म्हणावे?

शिवाय या व्यवहारात गृहस्थाच्या हाती नसलेली एक गोष्ट होती. मीटर वाचणारा कर्मचारी साठाव्या दिवशी न येता चौसष्टाव्या दिवशी आला, तर त्या चार दिवसांची वीज याच खात्यात जमा होई, आणि ४८० वर सुखाने थांबलेले कुटुंब ५१० वर जाऊन दंडास पात्र ठरे. म्हणून एग्मोर भागातल्या कित्येक घरांतून सणवारांइतकीच मीटर वाचण्याची तारीख पाठ असे. त्या सुमारास कपडे धुण्याचे यंत्र विश्रांती घेई, इस्त्री कपाटात जाई आणि घरातील कर्ते पुरुष सकाळी पेपर घेण्याच्या निमित्ताने जिन्याखालच्या मीटरास प्रदक्षिणा घालून येत. २०२० च्या टाळेबंदीत तर वाचन करावयास कोणी आलेच नाही. मागच्या बिलाइतकी रक्कम भरून घेण्यात आली, आणि पुढे एकत्र वाचन झाल्यावर जो गोंधळ उडाला त्याची कज्जेदलाली उच्च न्यायालयापर्यंत गेली. पुढे २०२२ साली दर बदलले आणि या कड्याची उंची कमी झाली. पण कडा मोडला असे नव्हे. ज्या राज्यात शासनच एका युनिटावर मनुष्याचा वर्ग पालटते, तेथे युनिट मोजणे ही प्रजेची खोड नसून राजाज्ञेला दिलेले उत्तर आहे.

भाड्याविषयी आमच्या स्नेह्यांनी ज्या तुच्छतेने उद्गार काढले ती तुच्छता त्यांस परवडते, कारण त्यांचे घर वडिलार्जित आहे. या शहरात घर भाड्याने घ्यावयाचे म्हणजे दहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम घरमालकाच्या स्वाधीन करावयाची, ही चाल अनेक वर्षे रूढ होती व पुष्कळ ठिकाणी अद्याप आहे. वीस हजार भाड्याच्या जागेसाठी दोन लाख रुपये बिनव्याजी गुंतून राहतात; साध्या सहा टक्क्यांनी धरले तरी वर्षास १२,००० रुपये, म्हणजे महिन्यास आणखी एक हजार, भाडेकरू न बोलता देत असतो. घर सोडताना रंगसफेदीच्या नावाखाली त्यातून एका महिन्याचे भाडे वजा होते, मग भिंती कशाही असोत. राज्याने २०१७ साली नवा भाडेकायदा केला व तो २०१९ च्या फेब्रुवारीत अमलात आणला. त्यात अनामत रक्कम तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी असे म्हटले आहे खरे, परंतु उभयपक्षी निराळा करार नसेल तर, अशी एक सोयीस्कर खिडकीही उघडी ठेवली आहे. आता निराळा करार करण्याचे स्वातंत्र्य कोणास असते हे सांगण्यासाठी विधिज्ञ लागत नाही. मुंबईच्या पागडीपेक्षा ही रीत पुष्कळ सभ्य आहे असे मी मानतो, कारण येथे निदान पैसा परत मिळण्याची अपेक्षा तरी असते. पण ती अपेक्षा कागदावर नसेल, भिंतीवरच्या प्रत्येक खिळ्याची, नळाच्या प्रत्येक तोटीची नोंद प्रवेशाच्या दिवशीच झालेली नसेल, तर रसिकतेच्या आधारावर दोन लाख रुपये परत मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. रिक्षाविषयी लिहीत नाही. २०१३ साली सरकारने पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवून दिला, आणि त्या दराने गाडी नेणारा सज्जन एग्मोर स्टेशनाबाहेर ज्यास भेटला असेल त्याने आपले नाव कळवावे.

पाण्याच्या हिशेबाची टवाळी मात्र महाराष्ट्रातून आलेल्या मनुष्याने करावी याचे मला खरोखर आश्चर्य वाटले. २०१९ च्या उन्हाळ्यात रेड हिल्स, चोळवरम, पूंडी आणि चेंबरंबाक्कम हे या शहराचे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. नळ निष्प्राण झाले, पाण्याच्या लॉरीसाठी रस्त्यांवर रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींच्या रांगा लागल्या, आणि १२ जुलै रोजी जोलारपेटहून निघालेली पन्नास वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर पाणी घेऊन विल्लिवाक्कमला पोचली तेव्हा तिचे एखाद्या वरातीसारखे स्वागत झाले. त्या महिन्यांत ज्या घरी कितव्या दिवशी कोणत्या पिंपात किती पाणी उरले हे लिहिले जात होते, त्या घरी स्वयंपाक झाला. ज्या घरी पाण्याविषयी उदात्त औदासीन्य होते, तेथली मंडळी शेजाऱ्यांकडे तांब्या घेऊन आली. पण अशी गाडी हिंदुस्थानने प्रथम मद्रासेत पाहिली नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास पाणी नेणारी रेल्वे सुरू झाली होती. ज्यांच्या स्वतःच्या प्रांतात एक अख्खे शहर आगगाडीच्या पाण्यावर जगले, त्यांनी आमच्या घागरी मोजण्यास हसावे, यास काय म्हणावे ते मला सुचत नाही.

आता सरफोजींकडे वळतो, कारण स्नेह्यांचे खरे ब्रह्मास्त्र ते होते. सरफोजीराजे १७९८ साली गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने त्यांनी राज्यकारभार कंपनी सरकारच्या हवाली केला. त्यांच्या वाट्यास वार्षिक एक लाख स्टार पगोडे आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उत्पन्न आले. म्हणजे रोखठोक भाषेत सांगावयाचे तर महाराज हे ठराविक नेमणुकीवर चालणारे गृहस्थ होते. त्यांना नवा प्रांत जिंकावयाचा नव्हता, नवा कर बसवावयाचा नव्हता, आणि त्याच मर्यादित उत्पन्नातून देशोदेशींचे ग्रंथ, चित्रे, शस्त्रवैद्यकाची उपकरणे, छापखाना, धन्वंतरी महालातील औषधशाळा, वाद्ये आणि पाकशाळा यांचा तो अपूर्व संसार त्यांनी १८३२ पर्यंत चालविला. हे सर्व रसिकतेने झाले असे ज्यांस वाटते त्यांनी सरस्वतीमहालात केवळ चित्रित पोथ्यांपाशी न थांबता मोडीच्या रुमालांपर्यंत जावे. तेथे मराठी मोडीत लिहिलेली दरबारची कागदपत्रे गठ्ठ्यांनी आहेत, आणि त्यांत काव्यापेक्षा खर्चाच्या बाबी अधिक आहेत: कोणास काय वेतन दिले, कोणत्या छत्रास काय धाडले, काय खरेदी झाले, बाकी काय उरली. शरभेंद्र पाकशास्त्र नावाचा पदार्थांचा ग्रंथ ज्या दरबारात सिद्ध झाला, त्या दरबाराने मुदपाकखान्यात काय जाते याकडे दुर्लक्ष केले असेल हे संभवत नाही. ज्या ग्रंथसंग्रहाने आमच्या मित्रांचे डोळे दिपले तो टिकला, आणि १८५५ साली औरस पुत्राच्या अभावी कंपनीने संस्थान खालसा केल्यावरही टिकून राहिला, याचे श्रेय ज्या अनाम कारकुनांनी कीर्द आणि खतावणी लिहिली त्यांनाही आहे. पुतळा मात्र त्यांचा कोणी उभारीत नाही.

हिशेबनिसाचा पुतळा कोठेच नाही असेही म्हणता येणार नाही. त्रिवेंद्रमच्या सचिवालयासमोर एक आहे. तो राजा सर टी. माधवराव यांचा. १८२८ साली कुंभकोणम येथे तंजावरी मराठी भाषक देशस्थ घराण्यात जन्मलेला हा पुरुष आरंभी मद्रासच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत नोकर होता, आणि आकड्यांशी झालेली ती ओळख त्याने जन्मभर सोडली नाही. त्रावणकोरचे दिवाण म्हणून त्यांनी संस्थानाचे कर्ज फेडले. पुढे इंदुरास कारभार केला. आणि १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर ज्या बडोद्याच्या तिजोरीची वाताहत झाली होती, तेथे त्यांनी सयाजीराव वयात येईपर्यंत जमाखर्चाची घडी अशी बसविली की पुढच्या शिक्षण, ग्रंथालये आणि ललितकला यांच्या बडोद्याचा पाया त्याच घडीवर उभा राहिला. संस्थानाच्या आयव्ययाचा मेळ घालणाऱ्यास आपण मुत्सद्दी म्हणतो, त्याला पदव्या देतो. स्वयंपाकघराच्या आयव्ययाचा मेळ घालणाऱ्यास मात्र चिक्कू म्हणतो. वास्तविक दिवाणाला कर बसविता येतो, गृहिणीला तेही करता येत नाही, हे ध्यानात घेतले तर कोणाचे काम कठीण याविषयी माझ्या मनात शंका उरत नाही.

यावर आमचे स्नेही म्हणतील की, सभ्य समाज विश्वासावर चालतो, पावत्यांवर नव्हे. मद्रासने या सिद्धान्ताचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे. आर्बथनॉट आणि कंपनी ही या शहरातील इतकी प्रतिष्ठित पेढी होती की तिच्याकडे हिशेब मागणे म्हणजे असभ्यता ठरली असती. निवृत्त नोकरदार, विधवा, देवस्थाने, कोणाकोणाच्या ठेवी तिच्यात नव्हत्या? २२ ऑक्टोबर १९०६ रोजी, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असताना, त्या पेढीने हात वर केले. मालक सर जॉर्ज आर्बथनॉट यांस पुढे १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली, पण त्यामुळे कोणाच्या मुलीचे लग्न झाले नाही. त्या आघातातूनच व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या वकिलांनी पुढाकार घेऊन १९०७ साली इंडियन बँक काढली. पण शहाणपण पिढीजात येत नसते; एका पिढीचे विश्वासू ठेवीदार गेले की दुसरे तयार होतात. तामिळनाडूस १९९७ साली ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि दोनच वर्षांनी महाराष्ट्रालाही त्याच धर्तीचा करावा लागला, यावरून विश्वासाची ही देवघेव दोन्ही प्रांतांत सारख्याच उत्साहाने चालते असे दिसते. मी एग्मोरच्या न्यायालयांपुढून नेहमी जातो. तेथे फायली छातीशी धरून उभ्या असलेल्या वृद्ध मंडळींचे चेहरे मी पाहिले आहेत. ती सारी सुसंस्कृत माणसे असतात. व्याजाचा दर इतका कसा, हा ग्राम्य प्रश्न त्यांनी वेळेवर विचारलेला नसतो.

मला हिशेबी वृत्तीच्या अतिरेकाचे समर्थन करावयाचे नाही. आगपेटीतल्या काड्या मोजणारे, पाहुण्यास पोळी वाढताना मनात पिठाचा भाव धरणारे लोक आहेत, आणि त्यांचा सहवास दुःसह असतो. कॉफीत चिकोरीचे प्रमाण वाढवून भुकटीची बचत करणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी मी जाणे सोडले, ते तत्त्वासाठी नव्हे, घशासाठी. परंतु अशा माणसांची वही बारकाईने पाहिली तर ती बहुधा खोटी असते. तीत काय वाचविले ते असते. कशासाठी वाचविले त्याचा रकाना कोरा असतो. आमच्या मित्रांचा शेवटचा आक्षेप, हिशेबी मनुष्याच्या ठिकाणी दानत नसते हा, येथेच खोटा ठरतो. सरफोजींनी आपल्या प्रिय सखी मुक्तांबेच्या नावाने तंजावरजवळच्या ओरथनाडूस छत्र उभारले ते १८०२ साली. तेथे वाटसरूंस अन्न मिळे ते दररोज, लहर लागेल त्या दिवशी नव्हे, आणि रोज किती तांदूळ लागतो हे ठाऊक असल्यावाचून रोज कोणास जेवू घालता येत नाही. याच शहरात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दक्षिणी मराठी कुटुंबांनी विद्यार्थ्यांच्या साह्यार्थ मराठा एज्युकेशन फंड चालू केला, तो कारकून, मास्तर आणि वकील यांच्या वर्गणीवर. अशी वर्गणी उधळ्या माणसाकडून दोनदा येते. तिसऱ्या वर्षी तो स्वतः अर्जदार असतो.

राहता राहिले एक, आणि ते मी मुद्दाम मागे ठेवले, कारण त्यात आमच्या स्नेह्यांचीच नव्हे तर माझीही थोडी पंचाईत आहे. आपल्या आरोपात त्यांनी सर्वत्र मराठी मनुष्य असा पुल्लिंगी शब्दप्रयोग केला. वस्तुतः ज्या वहीमुळे त्यांचा रसभंग झाला ती बहुतेक घरांत बाईच्या हातची असते. २०२३ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात असा निर्णय दिला की, नवरा परदेशी मिळवीत असताना घर सांभाळणाऱ्या पत्नीचे श्रम आणि तिची बचत हाही मालमत्ता घेण्यास लागलेला हातभारच होय, आणि म्हणून त्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तामिळनाडू सरकारने गृहिणींस महिना एक हजार रुपये देण्याची योजना सुरू केली, तीही हक्काची रक्कम या नावाने; आणि वर्षाच्या आत महाराष्ट्राने बहिणींस दीड हजार देऊन शेजाऱ्यावर कडी केली. या रकमांमागे निवडणुकीचे गणित आहे हे मी जाणतो. तरी ज्या कामास आजवर कवडीही नव्हती त्याला काही एक आकडा दोन सरकारांनी आणि एका न्यायालयाने लावला, आणि आमचे रसिक मित्र मात्र त्या कामाला अभिरुचीचा ऱ्हास म्हणतात. आमच्या घरची वही सौभाग्यवतींच्या अक्षरात आहे. ही कैफियत धाडण्यापूर्वी मी तिला वाचून दाखविली. तिने सर्व ऐकून घेतले, वीजबिलाची बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली, आणि टपालहशिलाचे पैसे कोणत्या खात्यावर टाकावयाचे, एवढेच विचारले.